'सोनू यांनी'

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. जायला उरलंय तरी कोण? तू आणि मी. अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र म्हणजे तसलंच काहीतरी असणार असं तुला वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकलं. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वाजून वाजून बंद पडला. शेवटी टपालखात्याच्या पाया पडले.

काम छोटं आहे. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी तेवीस वर्षांपूर्वी दिलेलं शिफारसपत्र तुझ्याकडे आहे. गोल निळा शिक्का, खाली लफ्फेदार सही. ते मला हवंय. झेरॉक्स नको, मूळ कागद पाठव. दुकानाला रंग काढलाय, तर काचेच्या चौकटीत घालून काउंटरमागे लावावं म्हणते.

'कुठलं पत्र?' म्हणून कानांवर हात ठेवू नकोस. आठवून बघ. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ती काचपेटी बिघडली होती. इस्पितळात तशी पेटी एकच, आणि कंपनीचा माणूस चार दिवसांनी उगवणार होता. शिपाई तिचा बोर्ड टॉवेलात गुंडाळून आपल्या दुकानात घेऊन आला. मी भिंगाखाली एकेक जोड तपासत गेले. एका जोडाला केसाएवढी चीर होती. वरून सगळं चकाचक, पण आत तार सुटलेली. जुनं कथील काढलं, राळ लावली, नवा जोड दिला आणि दोन तास मीटर लावून बघत बसले. मग तू बोर्ड घेऊन गेलास. डॉक्टरांनी विचारलं, "कोणी केलं हे?" तू म्हणालास, "सोनूनं." त्या दिवशी तू खोटं बोलला नाहीस, एवढं मी मानते.

आणि डॉक्टरांनी लिहिलं. मला अजून पाठ आहे. 'सोनू यांनी आमच्या विभागातील यंत्राची दुरुस्ती अत्यंत कौशल्याने व वेळेत केली. त्यांच्या हातून असेच उत्तम काम होत राहो.' मागे श्री. नाही, श्रीमती नाही, कुमारी नाही. नुसतं 'सोनू यांनी'. आपल्या भाषेतला हा 'यांनी' मोठा मायाळू आहे, बाई असो की बाप्या, कोणालाही पोटात घेतो.

कागद १५ मार्चच्या आत मिळायला हवा. चौकट करणारा माणूस वेळ लावतो.

तुझी धाकटी,
सोनू

१९ फेब्रुवारी

दादा,

पाकीट मिळालं. मागितला एक कागद आणि आला दुसराच.

स्टॅम्पपेपर छान टाइप करून घेतलायस. 'मी, ________, शपथेवर लिहून देते की, माझ्या थोरल्या बंधूंना लहानपणापासून घरात व शेजारीपाजारी लाडाने सोनू असे म्हणत असत, आणि इस्पितळाच्या पत्रातील सोनू म्हणजे तेच होत.' वर तुझी चिठ्ठी. कंपनीत सगळ्यांची जुनी कागदपत्रं तपासतायत, तुझं नाव आणि पत्रातलं नाव जुळत नाही, दुरुस्ती विभागाच्या खातेप्रमुखाची जागा त्यामुळे अडलीय. 'सही करून लगेच पाठव. फार विचार करू नकोस.'

फार विचार करू नकोस, हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तू माझ्या हातात उघडी तार देत होतास.

तेव्हा या वेळी विचार केला. पहिलाच प्रश्न त्या रिकाम्या जागेचा. तिथे सही करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. म्हणजे ते असं होणार : 'मी, सोनूबाई, शपथेवर लिहून देते की सोनू म्हणजे माझा भाऊ.' हे वाचून तुझ्या कंपनीतला माणूस खुर्चीवरून खाली पडला तर त्याला उचलणार कोण? एवढा हुशार तू, वकिलाला दोन पैसे मोजलेस, आणि बहिणीचं नाव काय हेच विसरलास. विसरलासच ना रे? की इतकी वर्षं तेच नाव अंगावर घालून फिरल्यावर ते दुसऱ्या कुणाचं आहे हे आठवतच नाही?

घरात तुला 'ढब्बू' म्हणायचे. ते शपथेवर लिहून द्यायला मी एका पायावर तयार आहे. हवं तर दोन प्रती देते.

नाव माझं आहे म्हणजे काही मोठं घबाड हाती लागलेलं नाही, ते मला ठाऊक आहे. आजीचं नाव मला दिलं. आजीच्या अंगावर फुटका मणी नव्हता, तरी ती सोनूबाई. शाळेत पहिल्या दिवसापासून ती म्हण माझ्या मागे लागली, 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा'. मधल्या सुट्टीत ती चाल लावून म्हणणारा पहिला तूच होतास. पुढे मी खरंच हातात कथील धरलं, तेव्हा तर तुझ्या थट्टेला उधाण आलं. आणि नुसतं 'सोनू' म्हणशील तर ते कुणाचंही असतं. प्रत्येक आईच्या तोंडात तिचं पोर सोनूच. आपल्या गल्लीत आज सोनू नावाची तीन पोरं आहेत, एक कुत्रा आहे आणि एक मी आहे. पण काचपेटीचा बोर्ड त्या तिघांनी केला नाही, कुत्र्यानंही केला नाही आणि तूही केला नाहीस.

बाबांच्या मागे दुकान आपण दोघांनी उघडं ठेवलं, हे खरं. पुढे काउंटरवर तू, पडद्यामागे मी. गिऱ्हाईक पोरीच्या हातात अँप्लिफायर द्यायला कचरतं, असं तू म्हणालास, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून तू सांगायचास, "ठेवून जा, आत सोनू बघतोय. उद्या या." बघतोय! 'बघतेय' म्हटलं असतंस तर तुझी जीभ झडणार होती का? मी आत बसून ऐकत होते. पहिल्या दिवशी हसू आलं. आतून दुसरा कोणी बाप्या कधी बाहेर आला नाही, म्हणून सहाव्या महिन्यापर्यंत सगळा बाजार तुलाच 'सोनू मिस्त्री' म्हणू लागला आणि तू ती हाक अंगाला लावून घेतलीस.

आई गेली तेव्हाचं आठवतं? घर माणसांनी भरलेलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून तुला म्हणाल्या, "सोनू, जरा पाणी आण." आणि आपण दोघंही उठलो. दोघांचे हात एकाच कळशीला लागले. कोणी हसलं नाही. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही मीच तुझं काहीतरी चोरलंय. दुपारच्या गाडीनं निघून गेलास तो आजतागायत.

आता माझं खोटं. चौकटीबिकटीचं काही नाही, दुकानाला रंगही काढलेला नाही. तंत्रशाळेत यंत्रदुरुस्ती शिकवायला माणूस हवाय. मी अर्ज केलाय. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे असं ऐकतो, पण ऐकीव गोष्टीवर नेमणूक होत नाही. एखाद्या संस्थेचा कागद आणा." दुकान अजून बाबांच्या नावावर आहे. माझ्या एकोणतीस वर्षांच्या कामाचा जगात एकच कागद आहे आणि तो तुझ्या कपाटात आहे. अर्जाची मुदत १५ मार्च. एप्रिलात मला अठ्ठेचाळीस पूर्ण होतात, त्यानंतर ते कोणाला घेत नाहीत.

मला ते काम हवंय, दादा. दुकानात आता आठवड्याला दोन वस्तू येतात, लोक दुरुस्त करत नाहीत, बदलतात. पण नुसतं तेवढ्यासाठी नाही. तू गेल्यावर मी तो पडदा काढून फडकी केली, तरी अजून माणसं काउंटरशी येऊन माझ्या डोक्यावरून आत बघतात आणि विचारतात, "मिस्त्री कुठे गेलेत?" याचा मला वीट आलाय.

सही करणार नाही. कागद पाठव.

सोनू

२६ फेब्रुवारी

दादा,

काल वहिनींचा फोन आला. तू करायला लावलास की त्यांनी आपणहून केला ते विचारलं नाही. बिचाऱ्यांना खरं माहीतच नव्हतं. म्हणाल्या, "वन्सं, त्या दिवशी तुम्ही दोघं एकदम उठलात तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. मी यांना विचारलं, तर म्हणाले, आमच्याकडे सगळ्यांनाच सोनू म्हणतात."

वा रे! आमच्याकडे सगळ्यांनाच!

मग त्या रडल्या. कागद खोटा ठरला तर जागा तर जाईलच, पण नोकरीवरही बेतेल, भाचीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, तुला धड झोप नाही, जेवण नाही. "तुम्ही सही केलीत तर कोणाचं काय जाणार आहे?" असं त्यांनी विचारलं. त्यांचा राग आला नाही. हा प्रश्न मी स्वतःला तेवीस वर्षं विचारत आलेय आणि दर वेळी 'कोणाचं काही नाही' असंच उत्तर काढत आलेय. काल पहिल्यांदा तोंडातून दुसरं निघालं. मी म्हटलं, "वहिनी, माझं जाणार आहे."

शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

आता एक गोष्ट लिहायची आहे. ती लिहिली नाही तर मीही तुझ्याच माळेचा मणी ठरेन. तू तो कागद माझ्या नकळत नेलास असं तुला वाटत असेल. तसं झालं नाही. तू नोकरीच्या मुलाखतीला निघालास त्या सकाळी मी दारात उभी होते. तू मोठ्या लिफाफ्यातून कागद काढलास, शर्टांच्या घड्यांमध्ये सरकवलास, तो मी पाहिला. शिक्का दिसला मला. मी काही बोलले नाही. आत गेले, तुझा डबा भरला आणि कागदावर तेल सांडू नये म्हणून डब्याला दोन पिशव्या बांधल्या. मग तो डबा मीच तुझ्या बॅगेत ठेवला, शर्टांच्या वर.

म्हणजे चोरी तुझी एकट्याची नाही. सामान मीच बांधून दिलं. मला वाटलं, तू मोठा, तुझं मार्गी लागलं की घराचं लागेल. आणि खरं सांगू? मला भीतीही वाटली. तो कागद मी घेऊन कुठे जाणार होते? कोणी मला दारात उभं केलं असतं? तुझ्या हातात तो निदान चालेल, असं वाटलं. तू गेलास आणि तो चाललाही.

तेव्हा दिलं ते दिलं. त्याचा हिशेब मागत नाही. पण आता मला तो चालवायचाय, आणि मी तो मागणार. यात तुझं नुकसान आहे हे मला कळतं. त्याचं मला दुःख होतं, हेही लिहून ठेवते. तरीही मागणार.

तुझा स्टॅम्पपेपर सोबत परत पाठवलाय. रिकाम्या जागेत माझं नाव भरलंय, सुवाच्य अक्षरात. खाली सही नाही.

सोनूबाई

५ मार्च

दादा,

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय, उद्या तुझ्या हातात पडेल. वाचायला घे आणि उभ्याउभ्याच वाच.

आज सकाळी अकराला तुमच्या कंपनीतून दुकानात फोन आला. पडताळणी विभागातल्या बाई होत्या, आवाजावरून तरुण, बोलणं अगदी मऊ. म्हणाल्या, "तुमच्या बंधूंनी ओळखीसाठी तुमचं नाव दिलंय. सोनू हे त्यांचं घरातलं नाव ना?"

माझ्या समोर एका पंख्याचं पोट उघडं पडलेलं. हातातलं सोल्डरिंग आयर्न मी खाली ठेवलं. तेवढा वेळ मला लागला.

"नाही," मी म्हटलं. "घरात त्याला ढब्बू म्हणायचे."

पलीकडे हसू गिळल्यासारखं झालं. मग त्या म्हणाल्या, "मग सोनू कोण?"

"मी. सोनूबाई. ती काचपेटी मी दुरुस्त केली होती."

"मग हे पत्र त्यांच्याकडे कसं आलं?"

इथे मी थांबले, दादा. सगळं जिभेच्या टोकावर होतं. पडदा, बघतोय, शर्टांच्या घड्या, डबा. मी म्हटलं, "ते त्यालाच विचारा. पण माझी एक विनंती आहे. सोमवारपर्यंत विचारू नका. तो आपल्या पायांनी येईल आणि सांगेल."

"आणि नाही आले तर?"

"तर सोमवारी अकराला मला फोन करा. मी एकही शब्द न गाळता सांगते."

त्यांनी पलीकडे काहीतरी लिहून घेतलं. मग "बरं" म्हणाल्या.

मी तुझी चहाडी केली नाही. फक्त माझं नाव सांगितलं. या दोन्हींत फरक आहे आणि तो तुला कळेल इतका तू माझा भाऊ आहेस. आता तुझ्याकडे शुक्रवार आणि शनिवार आहे. साहेबांच्या खोलीत जा आणि सांग. रडगाणं गाऊ नकोस, बाबांना मध्ये आणू नकोस, परिस्थितीच्या नावानं खडे फोडू नकोस. पत्र बहिणीचं होतं, मी माझं म्हणून दाखवलं, एवढंच सांग.

आणि हेही सांग, की माझ्यापुढे बिघडलेला बोर्ड ठेवा आणि बघा. तो कागद तुला दारापर्यंत घेऊन गेला, पण तेवीस वर्षं रोज आत बसून काम तू केलंयस. सुरुवातीला तुझे जोड म्हणजे नुसते कथलाचे लाडू असायचे, मीच ते उखडायला लावायची. तरी तुझा हात मला माहीत आहे. दुकान बंद झाल्यावर दोन वर्षं माझ्या शेजारी बसून शिकलेला माणूस अगदीच टाकाऊ निघणार नाही. माझ्या नावाशिवायही तू उभा राहू शकतोस. राहून तर बघ.

सोमवारी अकरा वाजता मी फोनजवळ असेन. तो वाजू नये असं मला फार फार वाटतंय. पण वाजला तर उचलणार.

सोनूबाई

१७ मार्च

दादा,

सोमवारी फोन वाजला नाही. मी बारापर्यंत बसून होते, एका गिऱ्हाइकावर तर उगाचच डाफरले.

बुधवारी वहिनींनी कळवलं. शनिवारी दुपारी तू गेलास, सगळं सांगितलंस, बोर्ड पुढे ठेवा असंही म्हणालास. त्यांनी खरोखरच ठेवला आणि तुला पाऊण तास लागला. नोकरी राहिली. खातेप्रमुखाची जागा दुसऱ्याला गेली, वर्षभर बढतीचं नाव काढायचं नाही असं लेखी दिलंय, आणि ज्यांना तू कामं वाटून द्यायचास त्यांच्याच रांगेत आता तुझं टेबल आहे. दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाहीस म्हणे. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलंस.

पाकीट तेरा तारखेला आलं. आत दोन ओळीसुद्धा नाहीत, नुसता कागद. घड्यांवर जीर्ण झालाय, शिक्का फिकटलाय. पण पाकिटावर तुझ्या अक्षरात माझं पूर्ण नाव आहे. 'सोनूबाई' लिहिताना 'नू' दोनदा गिरवलायस. मी ते पाकीट जपून ठेवलंय, कशासाठी ते विचारू नकोस.

तुझी माफी मागणार नाही. वाईट मात्र वाटतं. पन्नाशीच्या माणसाला पोरासोरांच्या रांगेत बसावं लागतं, ते माझ्यामुळे नाही असं मी कितीही म्हटलं तरी सकाळी चहा पिताना तेच डोळ्यांपुढे येतं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, आणि पुन्हा वाईटही वाटेल. दोन्ही खरं आहे.

आता माझं ऐक. मुख्याध्यापकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "यात श्रीमती कुठे आहे?" मी म्हटलं, "श्री. तरी कुठे आहे?" मग ते हसले आणि व्हायचं ते झालंच. "नाव सोनूबाई आणि..." एवढं म्हणून त्यांची जीभ अडखळली. मीच पुरं केलं. "हाती कथलाचा वाळा. खरंय साहेब, माझ्या हाती कथीलच असतं. तारेला तार जोडायची तर तेच लागतं, सोन्याचा वाळा वितळवून इथे काही उपयोग नाही." त्यांनी मला मुलांच्या पुढ्यात एक जळका रेडिओ दिला. मी जळका जोड शोधून काढला, नवा दिला आणि रेडिओ बोलू लागला. काल नेमणुकीचा कागद हातात पडला. त्यावर श्रीमती आहे, मी दोनदा वाचलं.

आज पहिला तास घेतला. बावीस जण, त्यांत सहा मुली. फळ्यावर नाव लिहिलं तर मागून कोणीतरी कुजबुजलं, "मग यांना हाक काय मारायची? सोनूबाईबाई?" सगळा वर्ग फुटला. मीही हसले. म्हटलं, नुसतं बाई म्हणा, पुरे. तेव्हापासून दिवसभर बाई, बाई, बाई. बाई, वास येतोय. बाई, चटका बसला. बाई, माझा जोड बघा ना. बाजारात मला रेडिओवाली म्हणतात, तंत्रशाळेत बाई, वहिनी वन्सं म्हणतात.

घरी येताना लक्षात आलं. आई नाही, बाबा नाहीत, आजी तर केव्हाच नाही. सोनू म्हणून मला हाक मारणारं माणूस जगात आता एकच उरलंय. आणि ते अकरा वर्षं माझ्याशी बोललेलं नाही.

तुला माझं नाव घ्यायचंच होतं ना, दादा? मग कागदावरून नको घेऊस. ये, आणि तोंडानं घे.

मी ओ देईन.

सोनू